रानकांदा

रानकांदा (कोळकांदा, जंगली कांदा, संस्कृत : कोलकंद, वनपलांडू). कांद्यासारखा कंद असलेली, पण खऱ्या कांद्याहून वेगळ्या कुलातील विषारी ओषधी. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. भारतात कोरड्या, उथळ मातीच्या प्रदेशांत ती आढळते. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) तालुक्यात ती शोधायची, तर मुरमाड माळ आणि विरळ सागवनाची कड पाहावी.

रॉक्सबर्ग यांच्या वर्णनावरून १८३२ मध्ये ती सिला इंडिका या नावाने प्रसिद्ध झाली. कुंथ यांनी १८४३ मध्ये तिला अर्जिनिया प्रजातीत घातले व जेसॉप यांनी १९७७ मध्ये ड्रिमिया प्रजातीत आणले. औषधांच्या ग्रंथांत अर्जिनिया हे नाव अजून वाचायला मिळते. पूर्वी कांदा व रानकांदा दोन्ही पलांडू कुलात (लिलिएसी) मोडत. आता रानकांदा शतावरीच्या कुलात आणि कांदा अॅमॅरिलिडेसी कुलात धरतात. दिसायला सारखे असले, तरी ही सख्खी भावंडे नव्हेत.

वर्णन : कंद अंडाकृती किंवा गोलसर, साधारण ५–१० सेंमी., पांढरट, एकावर एक पापुद्र्यांचा. उन्हाळ्यात पाने नसताना जमिनीतून सरळ, बिनपानाचा पुष्पदंड वर येतो. त्यावर लांब, विरळ मंजरी असते. फुले घंटेसारखी, खाली झुकलेली, मळकट तपकिरी-हिरवट. देठ फुलापेक्षा लांब. परिदले सहा, केसरदले सहा. किंजपुट ऊर्ध्वस्थ, म्हणजे परिदलांच्या उगमाच्या वर, व तीन कप्प्यांचा. मंजरीतील निदान खालच्या छदांना मागे वळलेले छोटे शुंडक असते. ही या प्रजातीची सूक्ष्म पण मोलाची खूण, ती भिंगातून पाहावी. फळ म्हणजे दोन्ही टोकांना निमुळते बोंड. बिया चपट्या, काळ्या. पाने मागाहून येतात : चपटी, अरुंद, साधारण १५–४५ सेंमी. लांब व १–२.५ सेंमी. रुंद. फूल आणि पान बहुधा एकत्र दिसत नसल्याने एकाच झाडाला लोक दोन वेगळी झाडे समजतात.

ओळख : पहिली कसोटी वासाची. कांदा किंवा लसूण चिरला की पेशी फुटतात, त्यांतील विकर गंधकयुक्त द्रव्यांवर काम करते आणि ओळखीचा उग्र दर्प सुटतो. रानकांद्याच्या कुस्करलेल्या पानाला तो दर्प नसतो. पान हाताळताना हातमोजे घालावेत; रसातील कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी कातडीला खाज सुटते. चव घेऊन पाहू नये. दुसरी कसोटी फुलोऱ्याची. कांद्याची सगळी फुले दांड्याच्या टोकाशी एका गोंड्यात येतात, रानकांद्याची दांड्यावर अंतराअंतराने लागतात.

सारख्या दिसणाऱ्या इतर कंदवर्गीय वनस्पतीही वेगळ्या काढाव्या लागतात. लेडेबुरियाच्या पानांवर बहुधा जांभळे ठिपके असतात आणि तिची फुले पानांबरोबर येतात. क्रायनम व पँक्रेशियम यांची फुले मोठी, पांढरी. किंजपुट अधःस्थ, म्हणजे परिदलांच्या खाली. पँक्रेशियममध्ये केसरदलांचे तळ जोडून पातळ पेला झालेला असतो. मुसळीला पापुद्र्यांचा कंद नसतोच. तिच्या बुडाशी मांसल मुळांचा जुडगा असतो.

उपयोग व धोका : कंदात हृदयावर तीव्र परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात, सिलारेन व प्रोसिलॅरिडिन ही त्यांतली प्रसिद्ध. भूमध्य सागराकाठच्या जातीप्रमाणे हिचाही कफोत्सारक व हृद्य औषधांत वापर झाला आहे. औषधी आणि विषारी मात्रेतले अंतर मात्र फार कमी. जास्त पोटात गेल्यास उलट्या, जुलाब आणि नाडीची गती बिघडणे ही लक्षणे दिसतात. म्हणून घरगुती उपचारात हा कंद वापरू नये. चुकून खाल्ला गेल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे व झाडाचा उरलेला भाग सोबत न्यावा. डॉक्टरांना विष ओळखायला त्याची मदत होते.

नोंद कशी करावी : कारंज्याच्या रानात मोह वेचण्याचा आणि तेंदूपान तोडण्याचा हंगाम हाच रानकांदा फुलण्याचाही काळ. त्या वेळी जागा खुणेने लक्षात ठेवावी, फुलोऱ्याचे व एकेका फुलाचे जवळून छायाचित्र घ्यावे आणि पावसाळ्यात त्याच जागी जाऊन पाने पाहावीत. अशा दोन भेटींनी ओळख पक्की होते. कंद उपटण्याची गरज पडत नाही. जवळच्या बोर व्याघ्रप्रकल्पासारख्या संरक्षित क्षेत्रात तर त्याला कायद्यानेच मनाई आहे. उपटलेला कंद पुढच्या उन्हाळ्यात त्या जागी फुलणार नाही, आणि रानकांद्याची सर्वांत खात्रीची ओळख त्याच्या फुलातच आहे.