रॉचेस्टरचे गेंडे : एका अस्तंगत फुटबॉल क्लबाचा वृत्तांत

कोडॅक हे नाव आमच्या पिढीच्या वाचकांस समजावून सांगावे लागू नये. लग्नमुंजीच्या समारंभात छायाचित्रकाराच्या पिशवीतून निघणारी ती पिवळी डबी, रोल धुऊन येईपर्यंतची आठ-पंधरा दिवसांची प्रतीक्षा आणि अखेर हाती पडलेली छत्तीसांपैकी तीस-बत्तीस छायाचित्रे, हा अनुभव बहुतेक मराठी घरांच्या स्मरणात असेल. ज्या कंपनीची ती डबी, तिचे मूळ गाव म्हणजे अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील, ओंटारिओ सरोवराच्या काठचे रॉचेस्टर. जॉर्ज ईस्टमन यांनी तेथे कोडॅक उभी केली आणि तिच्या जोडीने झेरॉक्स, बॉश अँड लोम्ब अशा उद्योगांनी त्या शहराला वैभव दिले. या शहरात १९९६ साली एक फुटबॉल क्लब खेळू लागला आणि २०२३ साली तो कायमचा मिटला. त्या क्लबाची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

सातासमुद्रांपलीकडच्या एका दुय्यम क्लबाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. शासकीय सेवेतील आमची बरीच वर्षे संस्थांची नोंदणी, अनुदान आणि अवसायन यांच्या नस्ती चाळण्यात गेली. निकम्मी संस्था बुडाली तर त्याचे कारण शोधावे लागत नाही. परंतु आपले नेमून दिलेले काम उत्तम रीतीने करणारी संस्था का बुडावी, हा प्रश्न निवृत्तीनंतरही आमची पाठ सोडीत नाही. रॉचेस्टरच्या क्लबाचा इतिहास वाचताना तोच प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत ‘फुटबॉल’ हे नाव निराळ्याच खेळास दिलेले असल्याने आपल्या फुटबॉलला तेथे ‘सॉकर’ म्हणतात. या खेळाची परंपरा रॉचेस्टरला नवी नव्हती. १९६७ साली स्थापन झालेल्या तेथील ‘लान्सर्स’ या संघाने १९७० मध्ये नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचे विजेतेपद मिळविले होते. तो संघ १९८० नंतर उरला नाही आणि ती लीगही १९८४ च्या हंगामानंतर लयास गेली. पुढे १९९४ ची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेत झाली आणि तिच्या पाठोपाठ १९९६ साली दहा संघांची ‘मेजर लीग सॉकर’ सुरू झाली. तिच्याखालची दुसरी पायरी म्हणजे ‘ए-लीग’. त्याच वर्षी या दुसऱ्या पायरीवर रॉचेस्टरचा नवा संघ उतरला. त्याचे नाव ‘रेजिंग ऱ्हायनोज’, म्हणजे खवळलेले गेंडे. पुढे ‘खवळलेले’ हे विशेषण गळाले आणि गेंडे तेवढे राहिले.

या संघाचे घरचे मैदान वस्तुतः बेसबॉलसाठी बांधलेले होते. ‘फ्रंटियर फील्ड’ असे त्याचे तेव्हाचे नाव, आणि त्याच्या शेजारीच कोडॅकचा उंच मनोरा. रॉचेस्टरकरांनी हा संघ पहिल्या वर्षापासून आपला मानला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या सामन्यांना सरासरी अकरा हजारांहून अधिक प्रेक्षक येत. त्याच काळात वरच्या लीगमधील कॅन्सस सिटी व मायामी या संघांना तेवढी गर्दी जमविता येत नव्हती. शहराची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आतबाहेर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते.

आता मैदानावरची कामगिरी पाहू. अमेरिकेत १९१४ पासून चालत आलेली ‘यू. एस. ओपन चषक’ ही स्पर्धा सर्व पायऱ्यांवरील संघांस खुली असते. पहिल्याच वर्षी, १९९६ मध्ये, ऱ्हायनोजनी वरच्या लीगमधील टँपा बे आणि कोलोराडो या संघांना हरवून या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि तेथे वॉशिंग्टनच्या डी. सी. युनायटेडकडून पराभव पत्करला. १९९८ साली ए-लीगचे विजेतेपद आले. १९९९ हे वर्ष तर या क्लबाच्या इतिहासातील मुकुटमणी म्हणावे लागेल. त्या वर्षीच्या चषक स्पर्धेत त्यांनी शिकागो, डॅलस आणि कोलंबस या वरच्या लीगच्या तीन संघांना एकामागून एक बाद केले. १४ सप्टेंबर १९९९ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस येथे कोलोराडोशी अंतिम सामना झाला. डग मिलर आणि यारी ऑलनट यांनी एकेक गोल केला आणि दुय्यम लीगच्या संघाने देशाचा चषक २–० असा जिंकला. मेजर लीग सॉकर सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत तिच्याबाहेरच्या दुसऱ्या कोणत्याही संघाला हा पराक्रम साधलेला नाही. गंमत अशी, की त्याच वर्षी ए-लीगच्या अंतिम सामन्यात मात्र हा संघ मिनेसोटाकडून हरला! २००० आणि २००१ साली ते विजेतेपदही पुन्हा रॉचेस्टरला आले.

इतके झाल्यावर या संघाला वरच्या पायरीवर बढती मिळाली असेल, असे वाचकांस वाटेल. इंग्लंडमध्ये, आणि जगाच्या बहुतेक फुटबॉलप्रिय देशांत, तसेच घडते. खालच्या लीगमधील विजेते वर चढतात आणि वरच्या लीगमध्ये तळाला राहिलेले खाली उतरतात. अमेरिकेत ही रीत नाही. मेजर लीग सॉकर ही एक व्यापारी संस्था असून खेळाडूंचे करारही त्या संस्थेशीच होतात. तिच्यात येऊ इच्छिणाऱ्या मालकाने प्रवेशशुल्क भरावे, स्टेडियमची व्यवस्था दाखवावी आणि विद्यमान सभासदांच्या पसंतीस उतरावे, हा तेथला प्रवेशाचा मार्ग. मैदानावरील विजयांना त्या अर्जात रकाना नाही.

हे शुल्क कसे वाढत गेले तेही पाहण्याजोगे आहे. २००७ साली खेळू लागलेल्या टोरोंटोच्या मालकांनी १ कोटी डॉलर भरले होते. २०११ साली आलेल्या पोर्टलंड आणि व्हँकूव्हर यांना प्रत्येकी ३ कोटी ५० लाख पडले. शार्लटच्या प्रवेशासाठी ३२ कोटी ५० लाखांचा आकडा २०१९ साली जाहीर झाला आणि २०२३ साली जाहीर झालेल्या सॅन डिएगोसाठी तो ५० कोटींवर गेला. ऱ्हायनोजच्या बरोबरीने ए-लीगमध्ये खेळलेल्या सिअ‍ॅटल, पोर्टलंड, व्हँकूव्हर आणि माँट्रियल या शहरांचे संघ २००९ ते २०१२ या काळात आपापल्या जुन्या नावांनी वरच्या लीगमध्ये दाखल झाले. त्यांच्यामागे मोठी शहरे आणि मोठे धनिक होते. ज्याने देशाचा चषक जिंकला होता, तो संघ खालीच राहिला.

ऱ्हायनोजच्या मालकांनी प्रयत्न केला नाही असे नाही. वरच्या लीगसाठी स्वतःचे फुटबॉलचे स्टेडियम हवे, म्हणून त्यांनी ते बांधावयास घेतले. राज्य शासनाच्या अनुदानाचा त्यात मोठा वाटा होता. २००६ च्या जून महिन्यात सुमारे १३,७०० आसनांचे ‘पेटेक पार्क’ खुले झाले. पण ज्या निमंत्रणासाठी हा मांडव घातला ते निमंत्रण आलेच नाही आणि कर्ज मात्र राहिले. २००८ च्या आरंभी कर्जफेड थकल्याने क्लब आणि स्टेडियम दोन्ही जुन्या मालकांच्या हातून गेले. त्यानंतर मालक बदलत राहिले आणि स्टेडियमवरच्या पाट्याही. आधी दूरसंचार कंपनीचे नाव होते, मग मोटारविक्रेत्याचे आले, मग सॉसेज बनविणाऱ्या कंपनीचे, पुढे क्रीडावस्त्रांच्या कंपनीचे. ज्या कामासाठी अनुदान मंजूर झाले ते काम पूर्ण झाल्याचा दाखला नस्तीत लागतो आणि नस्ती बंद होते. ती वास्तू चालविणार कोण आणि कशाच्या बळावर, हा प्रश्न बंद नस्तीबाहेर राहतो. आमच्याही हातून अशा नस्ती बंद झालेल्या आहेत, म्हणून हे लिहिताना हात थोडा अडखळतो.

तिकडे शहराचेही दिवस पालटत होते. १९८२ च्या सुमारास एकट्या कोडॅकमध्ये रॉचेस्टर परिसरातील साठ हजारांवर माणसे कामास होती. डिजिटल छायाचित्रणाने त्या उद्योगाचा पाया खचला आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या कंपन्यांच्या जिवावर गाव नांदत होते त्यांच्याकडेच देणगी आणि जाहिरातीस पैसा उरला नव्हता.

अशा स्थितीतही २०१५ साली या संघाने एक अद्भुत हंगाम खेळून दाखविला. प्रशिक्षक बॉब लिली यांच्या हाताखाली साखळीतील २८ सामन्यांपैकी १७ जिंकले, १० बरोबरीत सोडविले आणि एकच गमावला. अंतिम सामन्यात लॉस एंजेलिस गॅलक्सीच्या राखीव संघास जादा वेळेत २–१ असे नमवून विजेतेपद घेतले. वरच्या लीगच्या क्लबांनी आपले राखीव संघ या पायरीवर उतरविण्यास तेव्हा सुरुवात केली होती. म्हणजे ज्यांच्या पंक्तीस बसण्याची एके काळी आकांक्षा होती, त्यांच्या राखीव खेळाडूंशी आता सामना होता. २०१६ च्या आरंभी डेव्हिड व वेंडी ड्वॉर्किन या दांपत्याने क्लब विकत घेतला. परंतु ३० नोव्हेंबर २०१७ रोजी, म्हणजे त्या अद्भुत हंगामानंतर अवघ्या दोन वर्षांनी, पुढील हंगामात संघ उतरणार नाही असे जाहीर करावे लागले.

या कथेला एक उपसंहार आहे. २०२१ साली इंग्लंडचा नामवंत खेळाडू जेमी वार्डी या क्लबाचा भागीदार झाला. हा मनुष्य एके काळी कारखान्यात काम करीत इंग्लंडच्या आठव्या पायरीवरील स्टॉक्सब्रिज या लहानशा क्लबाकडून खेळत असे. तेथून एकेक पायरी चढत तो लेस्टर सिटीत पोहोचला आणि २०१६ साली त्या संघासह इंग्लंडचे विजेतेपद मिळविले. शिडीचा महिमा याच्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? त्याने हात दिला तो मात्र ज्याला शिडीच नाही अशा क्लबाला. ‘रॉचेस्टर न्यूयॉर्क एफ. सी.’ या नव्या नावाने २०२२ साली संघ मैदानात उतरला. तो ज्या नव्या लीगमध्ये खेळला तिच्या २१ संघांपैकी २० संघ वरच्या क्लबांच्या शाखा होत्या. स्वतंत्र असा हा एकच. घरचे सामने जुन्या स्टेडियममध्ये झाले नाहीत, तर एका महाविद्यालयाच्या मैदानावर झाले. मार्च २०२३ मध्ये क्लबाने आपले कामकाज थांबविले.

सारा दोष शिडीच्या अभावाला देऊन आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु त्याच शहरातील एक दुसरे उदाहरण आड येते. ‘रेड विंग्ज’ हा रॉचेस्टरचा बेसबॉल संघही दुय्यम पायरीवरचाच आहे आणि वर चढण्याची वाट त्यालाही नाही. १९५७ साली सेंट लुईसच्या मूळ मालकांनी त्याच्यावरून हात काढला, तेव्हा मॉरी सिल्व्हर या स्थानिक व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन गावकऱ्यांना भाग विकले आणि ८,२२२ भागधारकांनी मिळून संघ विकत घेतला. १९९७ पासून त्याचे सामने होतात ते त्याच मैदानावर, जेथे ऱ्हायनोज पहिली दहा वर्षे खेळले. कोडॅकची पडझड त्यानेही सोसली, आणि तो आजही उभा आहे. बेसबॉलमध्ये अशा संघांच्या खेळाडूंचे वेतन वरचा क्लब देतो आणि त्यामुळे खर्चाचा भार पुष्कळ हलका होतो, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. तरीही एक भेद उरतोच. रेड विंग्जचे समभाग गावातल्या घराघरांतून होते. ऱ्हायनोजपाशी अकरा हजार प्रेक्षक होते, पण भागधारक नव्हते. मालकाचा हात आखडला तेव्हा त्या अकरा हजारांना हळहळण्यापलीकडे कोणताही अधिकार नव्हता.

सहकाराच्या चळवळीत वाढलेल्या आपल्या समाजाला हे निराळे शिकविण्याची गरज नाही, असे आम्ही लिहिणार होतो. पण वाचनालये, नाट्यगृहे आणि क्रीडामंडळे यांची आपल्याकडील स्थिती पाहता लेखणी आवरती घ्यावी लागते. एखाद्या संस्थेवर लोकांचे प्रेम असणे आणि ती लोकांची असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. प्रेमाने आसने भरतात. संस्था टिकविण्यासाठी वर्गणीच्या पावतीवर आणि सभासदांच्या नोंदवहीत नाव असावे लागते.

१९९९ च्या चषकाच्या विजेत्यांच्या यादीत रॉचेस्टरचे नाव आहे, आणि ते कोणाला पुसता येणार नाही. ज्या गावाने जगाला क्षण टिपून ठेवावयास शिकविले, त्या गावाच्या वाट्याला आपल्या या संघाचे अखेर छायाचित्रच तेवढे उरले आहे.