गंज खरंच लोखंड 'खातो' का? संडे स्कूलमधल्या मुलांना विज्ञान आणि वचन दोन्ही कसं समजवाल?

पावसाळा संपेपर्यंत गेटची कडी, सायकलची चेन, खिडकीचे गज तांबूस पडलेले असतात. शाळेत मुलं याला रासायनिक बदल म्हणायला शिकतात. संडे स्कूलला जाणाऱ्या मुलांना हाच गंज बायबलमध्येही भेटतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:१९-२०) येशू सांगतो, की पृथ्वीवर साठवलेलं धन कसर आणि जंग यांच्यापासून सुरक्षित नसतं. जंग म्हणजेच गंज.

मग मुलं विचारतात, गंज लोखंड खातो का?

गंज म्हणजे काय?

लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी यांची अभिक्रिया होऊन जलयुक्त आयर्न ऑक्साइड तयार होतं. तोच गंज. खिळा वाकवला तरी तो लोखंडच राहतो, हा भौतिक बदल. गंज मात्र नवा पदार्थ आहे. तो तांबूस आणि भुसभुशीत असतो, चुंबकाला लोखंडासारखा चिकटत नाही.

गंज झडू न देता खिळा तोलला, तर वजन वाढलेलं दिसतं, कारण लोखंडाला ऑक्सिजन आणि पाणी जोडलं गेलेलं असतं. म्हणजे लोखंड नाहीसं होत नाही, त्याचं रूप बदलतं. गंज जागाही जास्त व्यापतो. स्लॅबमधल्या सळ्या गंजल्या की काँक्रीटला तडे जातात ते यामुळेच.

गंमत म्हणजे, मत्तयातल्या मूळ ग्रीक शब्दाचा, 'ब्रोसिस'चा, शब्दशः अर्थ 'खाणं' असाच आहे.

घरी करून पाहा

जस्ताचा मुलामा नसलेले तीन खिळे पॉलिश पेपरने घासून घ्या.

१. पहिला उघड्या बाटलीत, साध्या पाण्यात अर्धा बुडवा.
२. दुसरा उकळून घेतलेल्या पाण्यात पूर्ण बुडवा आणि वर तेलाचा थर द्या. उकळल्याने पाण्यातली हवा निघून जाते, तेल नवी हवा आत येऊ देत नाही. हे काम मोठ्यांनी करावं.
३. तिसरा कोरड्या बाटलीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट बंद करा.

आठवड्याभरात पहिला खिळा गंजलेला दिसेल, बाकीचे दोन जवळपास जसेच्या तसे. म्हणजे गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मिठाच्या पाण्यात गंज लवकर चढतो. वसईसारख्या किनारी भागात खाऱ्या हवेमुळे हा अनुभव रोजचाच.

वचनाचा अर्थ कसा सांगायचा?

गंज ही देवाची शिक्षा असल्याचं मुलांना सांगू नका. नियम सगळ्यांच्या गेटला सारखाच लागू होतो. येशूचं बोलणं रसायनशास्त्राबद्दल नाही, आपलं मन कशात गुंतलंय याबद्दल आहे.

एखादं हुशार मूल याकोबाच्या पत्रावरही (५:३) बोट ठेवेल. तिथे सोन्यालाही जंग चढल्याचं म्हटलंय, पण सोनं तर गंजत नाही! हा प्रश्न उडवून लावू नका. मुलाचं बरोबर आहे, असंच सांगा. मग पुढचं वचन वाचायला द्या. तिथे शेतमजुरांची मजुरी बुडवणाऱ्या श्रीमंतांना खडसावलंय. दुसऱ्याच्या हक्काचं धन दाबून ठेवलं, तर ते सोनं असूनही वाया गेलं, हे सांगण्यासाठी गंजाची उपमा वापरली आहे.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसवलं, तर मूल विज्ञानापासूनही दुरावतं आणि वचनापासूनही.