मोर्स लिपीची अट : एका नियमाचे चरित्र

हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात त्याचा परवाना हवा असेल, तर ठिपके आणि रेघा यांची मोर्स लिपी येणे सक्तीचे असावे काय? बाहेरून पाहणाऱ्यास हा वाद चार छांदिष्टांचे आपसांतील भांडण वाटेल. प्रशासनाच्या अभ्यासकाने मात्र त्याकडे जरूर पाहावे. नियम कशासाठी जन्मतो, त्याचे कारण संपल्यावर कोणत्या नव्या कारणांच्या आधारे तगून राहतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे या लहानशा उदाहरणात स्वच्छ दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेश म्हणजे मोर्सच. जहाजे, नौदल आणि हौशी मंडळी एकाच आकाशात एकमेकांवर कुरघोडी करीत असत. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने कायदा करून परवाना सक्तीचा केला व हौशी केंद्रांना २०० मीटरपेक्षा आखूड लहरींवर ढकलले. पुढे १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत मोर्सची अट आंतरराष्ट्रीय नियमांत आली. तिच्यामागील तर्क सरळ होता. एखादे जहाज मदतीसाठी हाक देत असेल, किंवा सरकारी केंद्र ‘तुमचे प्रक्षेपण थांबवा’ असे सांगत असेल, तर ते हौशी माणसाला कळले पाहिजे. मोर्स ही त्या काळी आकाशातील पोलिसाची शिट्टी होती.

पुढची पन्नास वर्षे ही अट हळूहळू सैल होत गेली. १९४७ मध्ये १००० मेगाहर्ट्झच्या वर, १९५९ मध्ये १४४ च्या वर आणि १९७९ मध्ये ३० मेगाहर्ट्झच्या वर ती देशांना शिथिल करता येऊ लागली. उरल्या त्या समुद्रापार जाणाऱ्या लघुलहरी. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांसाठी उपग्रह व स्वयंचलित यंत्रणांवर आधारित नवी सुरक्षाव्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि तेथील मोर्सचे बंधन संपले. पोलिसाने शिट्टी खाली ठेवली, पण नागरिकाची शिट्टीची परीक्षा चालूच राहिली! अखेर २००३ च्या जिनिव्हा परिषदेने हा प्रश्न प्रत्येक देशावर सोडला. ब्रिटन व जर्मनी यांनी त्याच वर्षी अट काढली, अमेरिकेने २३ फेब्रुवारी २००७ पासून. हौशी केंद्रांना आपत्तीतील संदेशवहनाची तयारी करू द्यावी, असे उत्तेजनही याच परिषदेने सर्व देशांना दिले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे बिनतारी यंत्राकडे पाहण्याची सरकारी दृष्टी आधीपासूनच सावध. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हौशी मंडळींची प्रक्षेपणयंत्रे जमा करून घेण्यात आली, तरी १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओला नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाचेच साहाय्य होते. स्वातंत्र्यानंतर, १९७८ च्या नियमांत पहिल्या श्रेणीसाठी मिनिटाला १२ शब्द आणि दुसऱ्या श्रेणीसाठी ५ शब्द, पाठविणे व ऐकून उतरविणे, अशी कसोटी होती. २००९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण आणि मर्यादित अशा दोनच श्रेणी ठेवल्या. मर्यादित श्रेणी मोर्समुक्त झाली, पण सर्वसाधारण श्रेणीसाठी ८ शब्दांची अट राहिली. पुढे जुलै २०१३ मध्ये सरकारने स्वतःची तारसेवाच बंद केली.

अट राखू पाहणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. मोर्सला अत्यंत अरुंद पट्टा पुरतो. बोलणे ऐकू येणार नाही इतक्या क्षीण संकेतातही कट्ट-कडकट्ट ओळखता येते. यंत्र साधे, वीज थोडी. परंतु एखादी विद्या उपयुक्त आहे एवढ्याने ती सक्तीची ठरत नाही. दुसरा युक्तिवाद असा, की मोर्सच्या कष्टाने उथळ माणूस गळतो. अर्थशास्त्रात मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला ‘संकेतना’चा विचार येथे आठवतो. खर्चीक कसोटी उपयोगी पडते, पण केव्हा? हवा असलेला गुण ज्याच्या ठायी आहे, त्याला ती स्वस्त पडते तेव्हा. कानाने लय टिपण्याची हातोटी आणि मंडलांचे ज्ञान किंवा जबाबदारीची जाणीव यांचा असा काही संबंध दिसत नाही.

आणि किंमत कोण मोजतो? मोर्सचे वळण देणारा जाणता माणूस जवळ नसलेला लहान गावातला विद्यार्थी. २००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हौशी केंद्रे कामी आली. अशा वेळी उपयोग होतो तो यंत्र हाताळू शकणारी परवानाधारक माणसे देशभर विखुरलेली असण्याचा. ती संख्या रोखणारी प्रत्येक अट सकारण असली पाहिजे.

म्हणून माझ्या मते परीक्षा व्हावी ती विद्युत्-मंडले, आकाशक, व्यत्यय टाळण्याचे उपाय, कायदा आणि आपत्कालीन संदेशांची पद्धत यांची. मोर्स ऐच्छिक ठेवून तिचे वेगळे प्रमाणपत्र द्यावे. सक्ती गेल्याने ती मरेल ही भीतीही खरी ठरलेली नाही. अट काढलेल्या देशांत मोर्सच्या स्पर्धा आजही उत्साहाने होतात.

नियम करताना त्याचे कारण त्याच्या शेजारीच लिहून ठेवण्याची आणि ठरावीक मुदतीने ते तपासण्याची शिस्त आपण लावून घेतली, तर कारण कधी संपले हे निदान फाइलीवरून तरी कळेल.