गोदामातून आलेला खेळ

जुने व्हिडिओ गेम जपणाऱ्या छंदिष्टांमध्ये एक उतरंड ठरून गेली आहे. सर्वांत वर जपानी फॅमिकॉम आणि त्याची अमेरिकी आवृत्ती एनईएस, त्याखाली सेगाची यंत्रे, मग सोनीचे प्लेस्टेशन. महाराष्ट्रात ज्यावर एका अख्ख्या पिढीने काँट्रा आणि मारिओ खेळले, ते हलक्या प्लास्टिकचे, कुणाचेही नाव चिकटवलेले नकली यंत्र या उतरंडीत बसतच नाही. ते हाती आले तर त्यातले सुटे भाग काढून घ्यायचे नाहीतर भंगारात द्यायचे, अशी रीत आहे. मला ही रीत चुकीची वाटते. आपल्या भागापुरते बोलायचे तर घरगुती व्हिडिओ गेमच्या इतिहासाचे मूळ साधन हे नकली यंत्रच आहे. टोकियोहून मागवलेला अस्सल फॅमिकॉम कितीही देखणा असला तरी मराठी घरात काय घडले याबद्दल तो काही सांगू शकत नाही. आणि असे का झाले हे समजून घ्यायचे तर कारखान्यांकडे पाहून उपयोग नाही. भिवंडीजवळच्या दापोड्यासारख्या गोदामांच्या गावाकडे पाहावे लागते.

आधी यंत्राची हकीकत. निन्टेंडोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. मासायुकी उएमुरा यांच्या चमूने तो रचला होता. त्यात दोन मुख्य चिपा होत्या, एक गणन आणि आवाजासाठी, दुसरी चित्रासाठी, आणि दोन्ही चाळीस पायांच्या. तैवानच्या यूएमसी कंपनीने काही वर्षांतच या चिपांच्या प्रतिकृती बाजारात आणल्या आणि पूर्व आशियातल्या कितीतरी छोट्या कारखान्यांना तेच यंत्र वेगवेगळ्या कवचांत भरून विकणे शक्य झाले. निन्टेंडोने भारतात स्वतःचे दुकान थाटले नाही. आपल्याकडे आले ते सामुराई, मीडिया कंपनीचा लिटल मास्टर, पुढे टर्मिनेटर नावाची यंत्रे. सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी करार करून अधिकृत प्रवेश केला. त्यामागे ८० टक्के आयातशुल्क चुकवण्याचा हिशेब होता, तरीही यंत्राची किंमत १८,००० रुपये पडली. त्या काळी एवढ्यात चांगला रंगीत टीव्ही येई. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली. तोवरच्या दीड दशकात मुंबईचा लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट, पुण्याची तपकीर गल्ली आणि तालुक्याच्या गावातले रेडिओ-टीव्हीचे दुकान, हीच या खेळाची खरी वितरणव्यवस्था होती. कॅसेट विकत घेण्यापेक्षा थोडे पैसे देऊन बदलून आणण्याची चाल जास्त होती, आणि यंत्र बिघडले की ते त्याच दुकानात डाग देऊन चालू करून मिळत असे.

आता दापोडे. माणकोली नाक्यावरून अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातले हे गाव मुळात भातशेतीचे. आज ते गाळ्यांच्या रांगांनी ओळखले जाते. वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या शेजारच्या गावांचीही तीच कथा. या बदलामागे दोन कारणे ठळक आहेत. २६ मे १९८९ रोजी न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि देशभर जायचा माल मुंबईच्या गोदीऐवजी खाडीपलीकडे उतरू लागला. दुसरे कारण जकात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे, आणि ती १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू राहिली. मग पुढे नाशिक, नागपूर, इंदूरला जाणारा माल शहरात नेऊन ठेवायचाच कशाला? जकातनाक्याच्या अलीकडे, ग्रामपंचायतीच्या जमिनीवर, महामार्गाला लागून गाळा घेतला की काम भागे. शेतकऱ्यांनी शेते विकली, काहींनी स्वतःच गाळे बांधून भाड्याने दिले. नियोजन मागून आले: भिवंडीभोवतीच्या ६० गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले ते २००७ मध्ये.

१९९० च्या दशकातली नकली यंत्रे दापोड्यातूनच गेली, असा माझा दावा नाही. बराचसा माल तेव्हा मुंबईच्या बाजारांतूनच वाटला जाई. दापोड्याचे महत्त्व वेगळे आहे. ज्या व्यापाराने आपल्याला हा खेळ दिला त्याचे रूप तिथे उघड दिसते. तिथे वस्तू बनत नाही, फक्त थांबते. खोकी येतात, माथाडी ती उतरवतात, चलान फाटते, टेम्पो भरतो, गाळा रिकामा होतो. कारखाना बंद पडला तरी मागे नकाशे, साचे, कामगारांच्या आठवणी, एखादे माहितीपत्रक राहते. गोदामात काहीच राहत नाही. जपानमध्ये फॅमिकॉमचा इतिहास लिहिणाऱ्याला निर्मात्याच्या मुलाखती मिळतात, आपल्या यंत्राला मात्र निर्माता म्हणून बोलवायला कुणी नाही. कागद नसल्यामुळे वस्तू हाच कागद ठरतो, आणि ती वस्तू चालू ठेवणारा छंदिष्ट, त्याला पटो न पटो, दफ्तर सांभाळणाऱ्याचे काम करत असतो.

हे काम भिवंडीला परके नाही. इथले यंत्रमाग वाढले ते बऱ्याच अंशी मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत आणून. ज्या मागांना गिरणीने निकामी ठरवले, ते इथल्या जॉबर आणि फिटर मंडळींनी पट्टे बदलून, सुटे भाग ओतून पुढे कित्येक वर्षे चालवले. त्या मागांचा इतिहास कुणी लिहायला बसला तर तो मूळ इंग्रजी कंपनीच्या सूचीवर भागवणार नाही. मागावर भिवंडीत काय काय जोडले गेले हे पाहील. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र आपण मूळ कंपनीच्या सूचीवर भागवतो.

नकली यंत्रात असे काय आहे, जे अस्सलात नाही? पहिली गोष्ट वेगाची. जपान आणि अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असे, आपल्या पाल पद्धतीत ५० वेळा. निन्टेंडोने युरोपसाठी वेगळे यंत्र काढले आणि काही खेळ त्याप्रमाणे जुळवून घेतले. तैवानी नकलकारांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी चिपेचा ठोका (क्लॉक) जपानी यंत्राच्या जवळपास ठेवला आणि पडद्याच्या न दिसणाऱ्या ओळी वाढवून ५० चा मेळ घातला. परिणाम असा की जपानी आणि अमेरिकी कॅसेट पाल टीव्हीवर बिनतक्रार चालल्या, सूर जवळपास तोच राहिला, पण खेळाची आणि गाण्याची लय एक षष्ठांशाने संथ झाली, कारण या खेळांत संगीत चित्राच्या चौकटीगणिक पुढे सरकते. अशा यंत्रावर वाढलेल्याच्या कानात बसलेला मारिओ जपानी मुलाच्या मारिओपेक्षा सावकाश धावतो. दुसरे उदाहरण काँट्राचे. युरोपात अधिकृतपणे विकला गेलेला काँट्रा ‘प्रोबोटेक्टर’ नावाचा होता आणि त्यात माणसांच्या जागी यंत्रमानव होते. टीव्हीची पद्धत युरोपसारखी असूनही आपल्याकडे आला तो माणसांचा काँट्रा, कारण आपली कॅसेट निन्टेंडोच्या प्रादेशिक विभागणीबाहेरून आलेली होती. तिसरे, ‘९९९९ इन १’ या कॅसेटी. यादी हजारोंची, खेळ मोजकेच. एकच खेळ वेगवेगळ्या पातळीपासून सुरू करून आकडा फुगवलेला. त्यांत टँक १९९० सारखे खेळ असत, म्हणजे नामकोच्या १९८५ च्या बॅटल सिटीत फेरफार करून, नव्या शक्ती घालून केलेली आवृत्ती. आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी मूळ बॅटल सिटी पाहिलेलाच नाही. निन्टेंडोच्या कोणत्याही अधिकृत यादीत शोधा, ही आवृत्ती सापडणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: ही सगळी चोरी होती. होती. खेळ लिहिणाऱ्यांना आपल्या बाजारातून छदामही मिळाला नाही आणि त्या खेळांचा स्वामित्वहक्क आजही संपलेला नाही. यंत्राची गोष्ट निराळी, मूळ फॅमिकॉमच्या पेटंटांची मुदत केव्हाच उलटली आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायदा संगणकीय आज्ञावलीची राखीव प्रत करू देतो, पण तो अधिकार कायदेशीर ताबा असलेल्याला आहे, चोरट्या कॅसेटच्या मालकाला नाही. त्यामुळे अशा कॅसेटमधला खेळ उतरवून सगळ्यांना वाटण्याचे समर्थन मी करणार नाही. पण यंत्रातल्या सर्किटच्या पाटीचे छायाचित्र काढणे, चिपांवरचे क्रमांक टिपणे, खेळांची यादी लिहून ठेवणे, ठोका मोजणे यांत कुणाचा हक्क बुडत नाही. चोरवाटेने झालेल्या व्यापाराची नोंद ठेवणे म्हणजे त्याला आशीर्वाद देणे नव्हे; तसे असते तर तस्करीचा इतिहासच लिहिता आला नसता.

दुसरा आक्षेप असा की संगणकावर हुबेहूब नक्कल चालवता येत असताना जुने खोके कशाला सांभाळायचे. याला रशियातून उत्तर मिळते. तिथे स्टीपलर कंपनीने डिसेंबर १९९२ मध्ये डेंडी नावाचे असेच नकली यंत्र विकायला काढले. आज फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या अनेक आज्ञावल्यांत जपानी-अमेरिकी आणि युरोपीय यांच्या जोडीला ‘डेंडी’ हा तिसरा पर्याय असतो, तो वर सांगितलेल्या संथ लयीचा. म्हणजे आपल्या घरातला वेग संगणकावर मिळतो, पण रशियन यंत्राच्या नावाने. कारण डेंडी आणि तिच्या बहिणी उघडून, मोजून, नोंदून ठेवणारे लोक होते. हुबेहूब नक्कल आधी मूळ वस्तू मोजल्याशिवाय होत नाही, आणि सामुराई, लिटल मास्टर यांच्या कोणत्या तुकडीत कोणत्या चिपा होत्या याची तशी सलग नोंद आपण केलेली नाही. यंत्रे भंगारात गेली की ती करताही येणार नाही.

म्हणून देखभालीची पद्धत महत्त्वाची. जुन्या नकली यंत्रांचे दोन वर्ग पडतात. पहिल्यांत सुट्या चिपा पाटीवर बसवलेल्या असतात. त्या बदलता येतात. नंतरच्यांत सगळे यंत्र एकाच चिपेत उतरवून त्यावर काळ्या राळेचा थेंब टाकलेला असतो, आणि तो मेला की दुरुस्ती नाही. दोन्हींचे नेहमीचे दुखणे मात्र सारखेच. अडॅप्टर मरतो; नवा लावताना पिनेच्या आत ऋण आहे की धन हे आधी तपासावे, फॅमिकॉम घराण्यात बहुधा आत ऋण असते आणि उलटा अडॅप्टर यंत्र जाळू शकतो. कपॅसिटर वाळले की पडद्यावर लाटा येतात आणि आवाजात घरघर. कॅसेट फुंकून लावण्याची सवय सर्वत्र होती, पण फुंकरीतली ओल धातूच्या पट्ट्यांना गंजवते. खोडरबर अगदी हलक्या हाताने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल हे बरे. रिमोटची बटणे दबत नसतील तर आतल्या रबरावरचा कार्बन झिजलेला असतो. हे सगळे बदलावे, त्यात पुरावा नष्ट होत नाही. पण दुकानदाराने मारलेली जोडणी, हाताने लिहिलेली कॅसेटची चिठ्ठी, कवचावरचे दुसऱ्याच कंपनीचे नाव, हे काढू नये. टीव्हीच्या अँटेनात जाणारी जोडणी तोडून थेट चित्र-आवाजाची तार बसवण्याचा मोह मी समजू शकतो, चित्र खरोखर सुधारते. अँटेनाच्या जोडणीची मूळ पेटी आतच ठेवून ती तार जोडता येत असेल तर जोडावी, उपटून फेकू नये. बंदुकीच्या खेळाला तर काचेच्या नळीचा टीव्हीच लागतो. घोडा दाबताच पडदा काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो क्षण पकडतो. सपाट टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, म्हणून नेम लागतच नाही. हे टीव्ही तरी आपल्याच परिसरातले होते. ओनिडाचा कारखाना भिवंडी–वाडा रस्त्यावरच्या कुडूस गावी, व्हिडिओकॉनचा तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला. त्यांतले नळीचे टीव्ही आता बनत नाहीत, म्हणून दुरुस्त करता येणारा प्रत्येक जुना टीव्ही याच साधनाचा भाग मानायला हवा.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम व्हिडिओ गेमलाही लागू आहेत. निकामी यंत्राची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी, हे त्यांचे सूत्र योग्यच आहे. मात्र ज्याचा उत्पादक कधी ठाऊकच नव्हता त्या यंत्रामागे ही जबाबदारी घ्यायला कुणी उभे राहत नाही, आणि ते नोंद न होता वितळते.

हा व्यापार संपलेला नाही, हे विसरून चालणार नाही. ‘६२० गेम’ असे छापलेले, त्याच जुन्या खेळांनी भरलेले, एका चिपेचे छोटे यंत्र आजही ऑनलाइन विकले जाते, आणि मोठ्या ऑनलाइन कंपन्यांची गोदामे भिवंडी तालुक्यात आहेत. फरक एवढाच की वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांप्रमाणे आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापावी लागते. १९९० च्या दशकात चोरवाटेने आलेल्या खोक्यांवर यातले काही नसे. छंदिष्ट मंडळी हे नवे यंत्र हलके म्हणून हसण्यावारी नेतात, आणि ज्यांनी घेतले तेही खोके त्याच दिवशी रद्दीत टाकतात. निदान ते खोके ठेवावे, त्यावरच्या पत्त्यासकट. त्यात भिवंडीतल्या एखाद्या गावाचे आणि गाळ्याचे नाव असले, तर या खेळाच्या आपल्याकडच्या वाटेचा तो लेखी पुरावा असेल.