मिलिंद : एका परक्या नावाचा आपल्या घरापर्यंतचा प्रवास

आपल्या विहारात नामकरणाचा विधी असला की एक प्रसंग हमखास घडतो. त्रिसरण-पंचशील होते, सुत्तपठण होते आणि बाळाचे नाव जाहीर करायची वेळ आली की आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. आजीने एक नाव सुचवलेले असते, आत्याने दुसरे, आणि आईबापांच्या मनात असते तिसरेच. मागे अशाच एका कार्यक्रमात एका तरुण जोडप्याने मुलासाठी 'रेन' हे जपानी नाव ठरवून आणले होते. दोन अक्षरी, सुटसुटीत. नाव ऐकताच मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ काका मोठ्याने म्हणाले, "अहो, आपली नावं काय संपली का? सिद्धार्थ आहे, राहुल आहे. परक्यांचं नाव कशाला पाहिजे?"

सभागृहात हशा पिकला. कारण हे बोलणाऱ्या काकांचे स्वतःचे नाव मिलिंद!

काकांना हशाचे कारण कळेना. कार्यक्रमानंतर मी त्यांना सांगितले की काका, तुमचे नावही मुळात परक्यांचेच, ग्रीक लोकांचे. ते म्हणाले, "काहीतरीच काय सांगता? नावांच्या पुस्तकात तर मिलिंद म्हणजे भुंगा असं दिलंय." तेव्हाच मनात आले की या नावाची हकिगत एकदा लिहून काढावी. विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेइतकी चांगली जागा त्यासाठी दुसरी कोणती?

मेनान्द्रोसचा मिलिंद कसा झाला

अलेक्झांडर हिंदुस्थानच्या सीमेवरून परत गेला तरी ग्रीक लोक या भागातून गेले नाहीत. आजच्या अफगाणिस्तानात त्यांची राज्ये उभी राहिली आणि पुढे ती पंजाबपर्यंत पसरली. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यास या राजांपैकी एक मोठा राजा होऊन गेला. त्याचे नाव मेनान्द्रोस. या नावाच्या शेवटी जो 'आन्द्र' आहे त्याचा अर्थ ग्रीक भाषेत पुरुष. अलेक्झांडरच्या नावातही तोच शब्द आहे. म्हणजे नाव पक्के ग्रीक.

या राजाची राजधानी सागल. विद्वान लोक ती आजच्या पाकिस्तानातील सियालकोट मानतात. त्याची चांदीची नाणी पुष्कळ सापडली आहेत. त्यांच्या एका बाजूला ग्रीक अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत भाषा. त्या प्राकृतात त्याने स्वतःला 'महरजस त्रतरस मेनंद्रस' म्हणजे 'त्राता महाराज मेनंद्र याचे' असे म्हणवले आहे. त्याच्या एका तांब्याच्या नाण्यावर आठ आऱ्यांचे चक्र आहे. ते धम्मचक्रच असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. राजा ग्रीक, पण नाणे दोन भाषांत. प्रजा ज्या भाषेत बोलते ती भाषा त्याने नाण्यावर घेतली, ही गोष्ट साधी नाही.

नाण्यावर 'मेनंद्र' असलेले नाव पाली ग्रंथात येताना 'मिलिंद' झाले. हा काही कोणी ठरवून केलेला बदल नव्हे. परकी नावे आपल्या जिभेवर आली की ती आपल्या जिभेसारखी होतात. त्याच ग्रंथात राजाच्या अमात्यांची नावे आहेत : देवमंतिय आणि अनंतकाय. ती मुळात डेमेट्रिअस आणि अँटिओकस असावीत असे विद्वानांचे मत आहे. बघा, 'देव' आणि 'अनंत' कसे सहज येऊन बसले! चिनी भाषेत हा ग्रंथ गेला तेव्हा राजाचे नाव आणखी आखूड होऊन 'मिलान' झाले.

संस्कृतात 'मिलिंद' म्हणजे भुंगा हे खरे आहे. ते काही खोटं नाही. नावांच्या पुस्तकात तो अर्थ येतो तो तिथून. इतर समाजांतही हे नाव आवडीने ठेवतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या मनात हाच अर्थ असतो. पण आपल्या वस्त्यांत हे नाव आले ते भुंग्यामागून नव्हे, तर एका प्रश्न विचारणाऱ्या राजामागून.

राजाने विचारले, आपले नाव काय?

'मिलिंदपञ्ह' म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. राजा मिलिंद आणि भन्ते नागसेन यांचा हा संवाद. ब्रह्मदेशात हा ग्रंथ त्रिपिटकाच्या खुद्दकनिकायातच धरतात. व्ही. ट्रेंकनर यांनी 1880 साली त्याची पाली आवृत्ती छापली, तर 1890 आणि 1894 या साली ऱ्हिस डेव्हिड्स यांचे इंग्रजी भाषांतर दोन भागांत निघाले.

ग्रंथात मिलिंद मोठा वादपटू दाखवला आहे. भल्याभल्या पंडितांना त्याने निरुत्तर केलेले. अशा राजापुढे भन्ते नागसेन येतात आणि राजाचा पहिला प्रश्न काय असावा? आपले नाव काय!

भन्ते सांगतात की मला नागसेन म्हणून ओळखतात, आईबाप अशी नावे ठेवतात, पण नाव ही केवळ एक संज्ञा आहे, व्यवहारापुरती. राजा चक्रावतो. मग नागसेन त्याला उलट विचारतात की महाराज, आपण इथे पायी आलात की रथातून? रथातून. मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो आणि शेवटी त्याच्याच तोंडून उत्तर येते की हे सारे भाग एकत्र आले म्हणजे 'रथ' हे नाव वापरतात. नागसेन म्हणतात, बरोबर, माझ्या नावाचेही तसेच आहे.

त्याच ग्रंथात आणखी एक सुंदर जागा आहे. चर्चा पुढे न्यायची तर ती पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या, असे नागसेन विचारतात. पंडितांच्या चर्चेत चूक दाखवली तर कोणी रागावत नाही. राजाला मात्र विरोध केला की शिक्षा! मिलिंद पंडितांची रीत पत्करतो. हातात तलवार असलेला माणूस युक्तिवादापुढे नमतो. मिलिंद या नावाची खरी कमाई ही आहे.

पुढे त्याने राज्य मुलाला देऊन प्रव्रज्या घेतली आणि तो अर्हत झाला असे ग्रंथ सांगतो. ग्रीक लेखक प्लूटार्क मात्र वेगळे सांगतो. राजा लष्करी छावणीत वारला आणि त्याच्या अस्थींसाठी शहरे भांडू लागली. शेवटी अस्थी वाटून घेऊन सर्वांनी स्मारके उभारली. दोन्ही हकिगती एकदम खऱ्या असू शकत नाहीत. पण तथागतांच्या अस्थींचे आठ भाग झाले ही कथा आपल्याला ठाऊक आहे. ग्रीकांच्या पुस्तकातही या राजाचा शेवट तसाच यावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या लेण्यांतले यवन

नावांची ही देवघेव एकतर्फी नव्हती. नाशिकच्या पांडवलेण्यांत 17 नंबरचे लेणे बघा. ते उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या एका यवनाने, आपल्या आईवडिलांच्या पुण्यासाठी कोरवून घेतले. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे नाव धम्मदेव आणि मुलाचे धम्मरक्खित! घराणे यवनाचे, पण तिन्ही पिढ्यांची नावे इथली. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान दिले. जुन्नरला मात्र एका यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या आणि नाव तसेच ठेवले : इरिल. तीन अक्षरी, आखूड, ऐकताच परके वाटणारे. पण दान आपल्याच लेण्यात. कोणी नाव बदलले, कोणी नाही बदलले, संघाने दोघांचेही दान घेतले.

आणि मग आपण

आता आपल्याकडे येऊ. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे तिरस्काराचे! आमच्या आज्या-पणज्यांची नावे आठवा. दगडू, धोंडू, कचरू, उकिरडा, भिकू. यातली काही नावे मुले जगावीत, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली असत आणि ती इतर जातींतही होती, हे मान्य केले पाहिजे. पण चांगले नाव ठेवायचा विचारही करायचा नाही, अशी परिस्थिती ज्यांच्यावर लादली गेली ते आपले लोक होते. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा तो नियमही जळाला.

नामसिद्धी जातकाची गोष्ट इथे आठवते. पापक नावाच्या एका शिष्याला आपल्या नावाची लाज वाटते, म्हणून गुरू त्याला चांगले नाव शोधायला पाठवतात. वाटेत त्याला जीवक नावाचा माणूस मेलेला दिसतो, धनपाली नावाची दासी मार खाताना दिसते, पंथक नावाचा माणूस रस्ता चुकलेला भेटतो. शिष्य परत येतो आणि जुनेच नाव ठेवतो. गोष्ट खरी आहे, नावात काही जादू नाही. पण पापकाला नवे नाव शोधायची मोकळीक होती. आपल्या पूर्वजांना ती नव्हती. म्हणून 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, संघमित्रा, गौतमी आले, तेव्हा तो हौसेचा मामला नव्हता. शाळेच्या हजेरीपटावर मान ताठ ठेवून 'हजर' म्हणता येण्याचा तो प्रश्न होता.

मिलिंद या नावाची वाट तर त्याआधीच तयार झाली होती. परमपूज्य बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, संस्थेने महाविद्यालय सुरू केले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय, आणि त्याचा परिसर नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही एकाच आवारात! खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेली मुले तिथे शिकली आणि नोकरी लागल्यावर त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी पोराचे नाव मिलिंद ठेवले. ग्रीक राजा असा आपल्या घरात आला. मग आपण त्याला कधी मिलू केला, कधी मिल्या!

त्याच शहरातल्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या लोकांनी 1978 ते 1994 अशी सोळा वर्षे लढा दिला, घरेदारे आणि जीवही गमावले. नावात काय आहे, असे आपल्याला कोणी विचारू नये.

मग रेन ठेवायचे की नाही?

माझे मत असे की परके म्हणून नाव टाकू नये आणि परके म्हणून डोक्यावरही घेऊ नये. दोन-चार गोष्टी बघाव्यात. नावाचा मूळ अर्थ काय, ते नाव पूर्वी कोणी धारण केले, घरातल्या आजीला ते हाक मारता येते का, आणि शाळेत त्याची थट्टा तर होणार नाही ना. रेन या नावाला जपानी लिपीत चिन्हे पुष्कळ आहेत, त्यातल्या एकाचा अर्थ कमळ. त्या आईला तो माहीत होता. काकांनी विचारताच तिने तो सांगितलाही. इंग्रजी शाळेतली पोरे मात्र त्याला पाऊस म्हणणार, हेही तिने गृहीत धरले होते!

सर्वांत महत्त्वाचे हे की नाव ठेवले तर त्याची गोष्टही मुलाला द्यावी. मिलिंद हे नाव आपले झाले ते राजा ग्रीक होता की हिंदी यामुळे नव्हे. त्याने प्रश्न विचारले आणि पटलेले उत्तर मान्य केले, म्हणून ते आपले झाले. ज्या घरात मिलिंद नाव आहे आणि पोराने प्रश्न विचारला की 'गप बस' असे उत्तर मिळते, त्या घरात ते नाव अजून परकेच आहे, असे मी म्हणेन.

काकांना हे सर्व सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साठ वर्षं हे नाव वागवलं, कोणी सांगितलं नाही." आणि उठून त्या बाळाच्या पाळण्याकडे गेले. दोरी धरून त्यांनी हाक मारली, "काय रे रेन!"

नमो बुद्धाय! जय भीम!