डागाळलेल्या दांतांची साक्ष

मनुष्याच्या देहांत दांतावरील पांढऱ्या कवचाइतका कठीण पदार्थ दुसरा नाहीं. या कवचास एनॅमल असें म्हणतात. लहानपणीं, दांत हिरडीच्या आंत असतांनाच, तें एकदां घडतें. आणि एकदां घडून गेलें म्हणजे तें पुनः घडविणारा कारागीर शरीरांत उरत नाहीं. हाड मोडलें तर सांधतें, कातडी फाटली तर भरून येते. परंतु एनॅमल घडतांना त्यांत जो दोष राहिला तो जन्माचा सोबती होतो. यामुळें एखादें मूल कोणत्या गांवीं वाढलें व तेथें तें कसलें पाणी प्यालें, याची नोंद ताम्रपटावरील अक्षरांप्रमाणें त्याच्या दांतांवर कायम होऊं शकते. असले ताम्रपट वाचण्यांत एका अमेरिकन दंतवैद्यानें आपल्या आयुष्याचीं तीस वर्षें घालविलीं. त्याची हकीकत आम्ही येथें देत आहों ती केवळ कौतुक म्हणून नव्हे. तिचा उत्तरार्ध आमच्या दख्खनच्या विहिरींपाशीं येऊन पोंचतो, आणि तो पूर्वार्धाइतका सुखाचा नाहीं.

पूर्वीं दांतांच्या विकारांविषयीं लोकांची समजूत काय होती हें आमच्या भाषेवरूनच कळतें. आपण 'दांत किडला' असें म्हणतों. दांतांत किडा शिरला व त्यानें तो पोखरला, ही कल्पना त्या क्रियापदांतच बसलेली आहे. ती एकट्या आमचीच नव्हे. बाबिलोनच्या मृत्तिकालेखांपासून युरोपांतील जत्रांत दांत उपटणाऱ्या भोंदूंपर्यंत सर्वत्र हा किडा सुखानें नांदत होता. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें इ. स. १७२८ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत, सूक्ष्मदर्शकानें शोधूनही असा किडा आढळत नाहीं, असें सांगितलें. पुढें १८९० त, बर्लिन येथें राहणाऱ्या मिलर नांवाच्या अमेरिकन संशोधकानें खरें कारण ग्रंथरूपानें मांडलें. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर व पिष्ट पदार्थ आंबवितात, त्यापासून आम्ल होतें, आणि तें आम्ल एनॅमल विरघळवितें. किडा गेला व त्याच्या जागीं जंतु आले. पण रोग्याच्या दृष्टीनें फारसा फरक पडला नाहीं. दांत दुखूं लागला म्हणजे उपटावा, ऐपत असल्यास भरून घ्यावा, इतकेंच दंतवैद्याच्या हातीं होतें.

अशा काळीं, १९०१ सालीं, फ्रेडरिक मॅके नांवाचा तरुण पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी घेऊन कोलोरॅडो स्प्रिंग्ज या पहाडी गांवीं व्यवसायास आला. त्याच्याकडे येणाऱ्या स्थानिक लोकांपैकीं अनेकांच्या दांतांवर तपकिरी डाग होते. कांहींचे तर सबंध दांत चॉकोलेटच्या रंगाचे झाले होते. डाग बाहेरून लागलेला नसून आंतून घडलेला असल्यामुळें कितीही घांसला तरी तो निघत नसे. मॅकेनें ग्रंथ धुंडाळले, त्यांत या विकाराचें नांव सांपडेना. गांवांतील इतर दंतवैद्यांस त्याचें विशेष वाटत नसे. रोजच्या दृष्टीस पडणाऱ्या गोष्टीविषयीं प्रश्न विचारण्याचें मनुष्य सोडून देतो, आणि परकाच येऊन तो विचारतो. लोकांस विचारावें तर कोणी म्हणे, डुकराचें मांस फार खाल्ल्यामुळें असें होतें. कोणी म्हणे, दूध निकस. कोणी म्हणे, पाण्यांत चुना फार. शेवटचा तर्क खऱ्या कारणाच्या किती जवळून गेला होता हें पुढें दिसेलच.

मॅकेनें पिच्छा सोडला नाहीं. १९०९ सालीं त्यानें ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या अमेरिकेंतील नामांकित दंतसंशोधकांस या कामांत ओढलें. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें जन्मून वाढलेल्या मुलांपैकीं जवळजवळ शेंकडा ९० मुलांच्या दांतांवर डाग आहेत, हा तेथील दंतवैद्यांच्या पाहणीचा आंकडा ऐकून ब्लॅक थक्क झाले, आणि १९१५ त मृत्यु येईपर्यंत सहा वर्षें त्यांनीं या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्या दोघांस दोन गोष्टी कळल्या. पहिली ही कीं, डाग दांत घडतांनाच पडतात. ज्याचे कायमचे दांत निष्कलंक तयार झाले आहेत असा प्रौढ मनुष्य त्या गांवीं येऊन कितीही वर्षें राहिला तरी त्याच्या दांतांस भय नाहीं. दुसरी गोष्ट याहून विलक्षण होती. हे डागाळलेले, दिसण्यांत ओंगळ दांत किडत मात्र फार कमी. सदोष एनॅमल लवकर किडावें हा सरळ तर्क. घडत होतें नेमकें उलट. याचें कारण दोघांसही सांगतां येईना.

यानंतरचा प्रसंग या सर्व इतिहासांत आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. १९२३ सालीं आयडाहो प्रांतांतील ओकली या लहानशा गांवच्या आईबापांस भेटण्यासाठीं मॅके गेला. मुलांच्या दांतांवर चमत्कारिक डाग दिसूं लागले आहेत, आणि पांच मैलांवरील एका उष्ण झऱ्याचें पाणी नळानें गांवांत आणल्यानंतरच ते दिसूं लागले, अशी त्या लोकांची तक्रार होती. मॅकेनें पाणी तपासलें. त्या काळच्या तपासणींत त्यांत संशय घेण्यासारखें कांहींच निघालें नाहीं. एखादा अधिकारी असता तर 'पाणी निर्दोष आहे' असा शेरा मारून मोकळा झाला असता! मॅकेनें काचेच्या नळीपेक्षां आईबापांच्या निरीक्षणावर अधिक विश्वास ठेवला, आणि तो नळ सोडून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचें पाणी घ्या असा सल्ला दिला. १९२५ त गांवानें तो मानला. पुढें थोड्याच वर्षांत लहान मुलांचे कायमचे दांत उगवूं लागले, ते स्वच्छ निघाले. विषाचें नांव ठाऊक नसतां रोग थांबविण्याचें हें उदाहरण आहे. रोगी कोणत्या भांड्यानें, कोणत्या झऱ्याचें व कधींपासून पाणी पितो हें विचारणें हेंही शास्त्रच आहे, ही गोष्ट आमचे पुष्कळ वैद्य व डॉक्टर अद्याप मनावर घेत नाहींत.

विषाचें नांव उघडकीस आलें तें एका कारखान्याच्या स्वार्थामुळें. आर्कान्सॉ प्रांतांत बॉक्साइट नांवाचें गांव अॅल्युमिनियमच्या एका मोठ्या कंपनीनें आपल्या कामगारांसाठीं वसविलें होतें. तेथें १९०९ त खोल विहिरी खोदून पाणी बदललें, आणि मुलांचे दांत डागाळूं लागले. पांच मैलांवरील बेंटन गांवचीं मुलें मात्र सुरक्षित राहिलीं. मॅके व सरकारी आरोग्य खात्याचे डॉ. केम्फ यांनीं तेथें पाहणी करून आपला अहवाल प्रसिद्ध केला. तो कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या हातीं पडला. अॅल्युमिनियमचीं भांडीं विषारी असतात असा गवगवा त्या दिवसांत चालूच होता. त्यांत हें प्रकरण आपल्या माथीं येऊं नये म्हणून चर्चिल यांनीं पाण्याची कसून तपासणी करविली. सामान्य परीक्षेंत ज्याकडे कोणी पाहत नसे असा पदार्थ, फ्लोराइड, तिच्यांत निघाला, आणि तोही इतका कीं चर्चिल यांस प्रथम खरें वाटेना. नमुनाच बिघडला असावा म्हणून त्यांनीं दुसरा मागविला. १९३१ त त्यांनीं आंकडे प्रसिद्ध केले. पाण्याच्या दहा लाख भागांत बॉक्साइट येथें १३.७ भाग, ओकलीच्या सोडून दिलेल्या झऱ्यांत ६ भाग, आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें २ भाग फ्लोराइड होतें. मॅकेच्या प्रश्नास तीस वर्षांनीं उत्तर मिळालें.

पण प्रश्नाचें दुसरें अंग राहिलेंच होतें: डागाळलेले दांत किडत कां नाहींत? तें काम सरकारी संशोधक ट्रेंडली डीन यांजकडे आलें. फ्लोराइड किती असलें म्हणजे डाग पडतात, आणि डाग न पडतां कीड टळेल असें कांहीं मधलें प्रमाण आहे काय, हें त्यांनीं शोधलें. १९४२ पर्यंत चार प्रांतांतील २१ शहरांत १२ ते १४ वर्षांच्या ७,२५७ मुलांचे दांत तपासून झाले. दहा लाखांत एक भाग, म्हणजे दर लिटरास एक मिलिग्रॅम, इतक्या प्रमाणांत कीड पुष्कळ कमी होते व डाग अगदीं पुसट आणि थोड्या मुलांतच दिसतात, असें ठरलें. या आधारावर २५ जानेवारी १९४५ रोजीं मिशिगन प्रांतांतील ग्रँड रॅपिड्स शहरानें आपल्या नळाच्या पाण्यांत मुद्दाम फ्लोराइड घालण्यास आरंभ केला. तुलनेसाठीं शेजारचें मस्कीगन शहर कोरें ठेवलें होतें. परंतु पहिले निकाल पाहून तेथील लोकांस धीर धरवेना, आणि १९५१ त त्यांनींही फ्लोराइड घेतलें! अकरा वर्षांनीं हिशेब केला तेव्हां, प्रयोग सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांत कीड शेंकडा ६० हून अधिक घटलेली होती.

फ्लोराइड पोटांत गेल्यानें दांत बळकट होतात असें तेव्हां समजत. त्याचें मुख्य कार्य दांताच्या पृष्ठभागावरच होतें, तेथें तें आम्लानें झिजलेल्या एनॅमलांत क्षार पुनः बसण्यास साहाय्य करतें, हें मागाहून कळलें. १९५६ पासून अमेरिकेंत फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट सर्वत्र विकली जाऊं लागल्यावर पाण्यांतील फ्लोराइडचें महत्त्वही उतरलें. त्याचा आज होणारा लाभ पूर्वींपेक्षां बराच लहान आहे, असें २०२४ सालच्या कॉक्रेन समीक्षेंत दिसून आलें. तिकडील वाद अद्याप शमलेला नाहीं. २०२५ त युटा व फ्लोरिडा या दोन प्रांतांनीं कायद्यानें हें मिश्रण बंद केलें. त्या वादांत पडण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. मात्र त्यांतील एक गोष्ट आमच्या कामाची आहे, आणि ती पाणी पिण्याच्या संवयीची.

'एक भाग' हें प्रमाण मध्यम हवेच्या शहरांत ठरलें. १९५० नंतरच्या दशकांत अॅरिझोनाच्या उष्ण प्रदेशांत गॅलगन या संशोधकानें असें दाखविलें कीं, उष्ण हवेंत मुलें पाणी अधिक पितात, म्हणून थोड्या फ्लोराइडनेंही तेथें डाग पडतात. पाण्यांतील अंश तोच, पण घशाखालीं उतरणारी मात्रा वेगळी. यावरून अमेरिकेनें १९६२ त हवामानाप्रमाणें ०.७ पासून १.२ पर्यंत प्रमाण ठरविलें, आणि २०१५ त सर्वत्र ०.७ केलें. आतां वैशाखाच्या उन्हांत नांगरणी करणारा शेतकरी दिवसांतून किती लोटे पाणी पितो, व त्यावर चहा किती वेळां घेतो, याचा वाचकांनींच विचार करावा. चहाच्या पानांतही फ्लोराइड असतें.

अमेरिकेंत जो प्रश्न मुख्यत्वें दांतांच्या शोभेचा होता, तो आमच्याकडे हाडांचा झाला. १९३७ सालीं शॉर्ट यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. (मलेरियाचा जंतु रक्तांत शिरण्यापूर्वीं यकृतांत वाढतो हें १९४८ त दाखविणारे शॉर्ट ते हेच.) तेथील विहिरींचें पाणी वर्षानुवर्षें पिणाऱ्या लोकांचे दांत तर डागाळलेले होतेच, पण प्रौढ वयांत त्यांचा पाठीचा कणा ताठ होई, सांधे धरीत, आणि माणूस मान न वळवितां सबंध अंगानें वळे. मॅकेनें प्रौढांस अभय दिलें होतें तें दांतांपुरतें. हाड जन्मभर घडत व मोडत असतें, त्यामुळें तें फ्लोराइडही जन्मभर सांठवितें. अन्नांत चुन्याचा अंश कमी असला म्हणजे हा विकार अधिक बळावतो. दरिद्री घरांत तो अधिक दिसतो याचें एक कारण हें आहे.

आमच्या महाराष्ट्रांत यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गांवीं हाच विकार आढळला आहे. फ्लोराइड येतें तें खडकांतून. पाणी जितकें अधिक काळ खडकाशीं लगटून राहतें तितकें तें त्यांत अधिक उतरतें. १९७२ च्या दुष्काळानंतर गांवोगांवीं कूपनलिका खोदल्या गेल्या. उथळ विहिरीचें पाणी गढूळ, त्यांत पटकीचे जंतु. म्हणून खोल नळीचें स्वच्छ, थंड, चवीस गोड पाणी लोकांनीं आनंदानें स्वीकारलें, आणि त्यांत कोणाची चूक होती असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु जेथें खडक वाईट होता तेथें त्या निर्मळ पाण्यानेंच मुलांच्या दांतांवर आपली अक्षरें कोरलीं. भारतीय मानकाप्रमाणें लिटरास १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावें. दुसरें पाणी नसेल तेथें १.५ पर्यंत चालतें. डोळ्यांस, जिभेस वा नाकास यांतलें कांहींच कळत नाहीं. गांवांत तें प्रथम कळतें तें सात-आठ वर्षांचें मूल हसलें म्हणजे.

यावर एक उपाय नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें १९७५ च्या सुमारास पुढें मांडला. तेव्हांच्या आंध्र प्रदेशांतील, अतिशय पीडित अशा एका जिल्ह्यावरून तो नलगोंडा पद्धति या नांवानें ओळखला जातो. त्यास लागणारे पदार्थ बाजारांत मिळणारे आहेत: तुरटी, चुना व जंतुनाशक भुकटी. ठराविक मात्रेनें ते पाण्यांत घालून कांहीं मिनिटें हळूहळू ढवळावें, मग तासभर निवळूं द्यावें. तुरटीच्या साक्याबरोबर फ्लोराइडचा बराच भाग तळाशीं बसतो व वरचें पाणी पिण्यास घेतां येतें. तुरटीची मात्रा मात्र प्रत्येक विहिरीच्या पाण्याचा क्षारपणा पाहून निराळी ठरवावी लागते; कमी पडली तर फ्लोराइड उतरत नाहीं, अधिक झाली तर पाणी तुरट लागतें व घरचे लोक तें पीत नाहींत. हें सर्व रोज करावयाचें, तेंही जिच्या डोक्यावर आधींच पाण्याचे हंडे आहेत त्या बाईनें. आणि बादलीच्या तळाशीं जो साका उरतो, त्यांत फ्लोराइड असतेंच. तो विहिरीच्या काठीं ओतला तर पहिल्या पावसांत पुनः जमिनींत मुरण्याची भीति, म्हणून तो दूर नेऊन टाकावा लागतो.