विरुद्धगती जोडपंख्यांचा इतिहास : एरिकसनची नौका ते ड्युओप्रॉप

वाफेच्या नौकांच्या इतिहासात मळसूत्री पंख्याचा, म्हणजेच प्रोपेलरचा, उल्लेख आला की ब्रिटिश नौदलाच्या अदूरदृष्टीची हकिगत हमखास सांगितली जाते. १८३७ च्या उन्हाळ्यात जॉन एरिकसन या स्वीडिश अभियंत्याने नौदल मंडळाच्या सदस्यांची नाव आपल्या ‘फ्रान्सिस बी. ऑग्डेन’ या ४५ फूट लांबीच्या बोटीला बांधली आणि टेम्स नदीतून ताशी सुमारे १० मैलांच्या वेगाने ओढून दाखविली. तरीही मंडळाने ही पद्धत नाकारली. चालकशक्ती नौकेच्या मागील टोकाला लावल्यास ती वळविता येणार नाही, अशी नौदलाचे सर्वेक्षक सर विल्यम सायमंड्स यांची धारणा होती. ही हकिगत खोटी नाही. परंतु त्या बोटीच्या मागे नेमके कोणते यंत्र बसविले होते, ही महत्त्वाची बाब तीत बाजूलाच राहते.

एरिकसनने १८३६ मध्ये पेटंट घेतले ते एका पंख्याचे नव्हे, तर एकाच अक्षावर विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन पंख्यांचे. एकटा पंखा पाणी मागे लोटतो, त्याबरोबरच ते गरगर फिरवितोही. या फिरण्यात खर्च झालेली शक्ती नौकेच्या उपयोगी पडत नाही. मागे उलट फिरणारा दुसरा पंखा बसविल्यास ही शक्ती बऱ्याच अंशी परत मिळते. मागच्या पंख्याला आधीच गतिमान झालेले पाणी मिळते, हे ओळखून एरिकसनने दोहोंचे वेगही भिन्न ठेवले होते. तत्त्व निर्दोष होते. अडचण जोडणीची होती.

या रचनेत बाहेरचा दंड पोकळ असून पुढचा पंखा त्यावर बसतो, तर मागचा पंखा पोकळीतून जाणाऱ्या आतल्या दंडावर. दोन्ही दंडांचे अक्ष तंतोतंत एक असावे लागतात. आतला दंड किंचित कलला तरी बेअरिंग एका बाजूने झिजते, कंप सुरू होतो आणि फटीतून पाणी आत शिरते. शिवाय जमिनीवर साधलेली जुळणी पाण्यात टिकतेच असे नाही. नौका तरंगू लागली की तिचा सांगाडा थोडा वाकतो, म्हणून अखेरची तपासणी पाण्यातच करावी लागते. मागच्या पंख्याचा व्यासही सामान्यतः कमी ठेवतात, कारण पुढच्या पंख्यामागे प्रवाह आकसत जातो. त्या काळी एका दंडाच्या बेअरिंगचा प्रश्नदेखील सुटलेला नव्हता. जॉन पेन यांनी लिग्नम व्हायटी या कठीण लाकडाचे, पाण्यानेच ओले राहणारे बेअरिंग योजले ते १८५४ मध्ये. तेव्हा जोडदंडाचा संसार लाकडी बोटीवर दीर्घकाळ टिकणे कठीणच होते.

स्वतः एरिकसनही या योजनेला चिकटून राहिला नाही. अमेरिकेत त्याच्या रचनेनुसार बांधलेल्या, १८४३ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘प्रिन्स्टन’ या युद्धनौकेला सहा पात्यांचा एकच पंखा होता. म्हणजे नौदल मंडळाने नाकारलेल्या गोष्टीचा अर्धा भाग संशोधकानेच सोडून दिला, याची नोंद घ्यावयास हवी.

जोडपंख्यांना खरा आश्रय मिळाला तो टॉर्पेडोत. रुंद नौका पंख्याची उलट पीळ सहज सोसते. परंतु सुरळीच्या आकाराचा टॉर्पेडो स्वतःच त्या पिळाने कुशीवर वळू लागतो व मार्ग सोडतो. त्यामुळे १८७० च्या दशकात व्हाइटहेड टॉर्पेडोला विरुद्धगती पंखे बसविण्यात आले. येथे शक्तीच्या बचतीपेक्षा सरळ जाण्याची निकड मोठी होती. टॉर्पेडोची धाव काही मिनिटांचीच, त्यामुळे झिजेची चिंताही फारशी नव्हती.

लहान बोटींवर ही योजना १९८२ मध्ये व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीच्या ‘ड्युओप्रॉप’ने परत आणली. इंजिन बोटीच्या आत आणि पंख्यांचा पाय मागील फळीबाहेर, अशी तिची रचना आहे. दोन्ही दंड, त्यांना उलट फिरविणारी दातेरी चाके व बेअरिंगे त्या पायातील बंदिस्त पेटीत कारखान्यातच बसवून येतात. एरिकसनला बोटीवर जी जुळणी साधावी लागत होती, ती येथे बोट बांधणाऱ्याच्या हातून निघून कारखान्यातील यंत्रांकडे गेली. इंजिन आणि पाय एका रेषेत आणणे, एवढेच मुख्य काम बोटीवर उरले.